कार्ड एक, ओळख तीनदा

जुना संगणक फॉरमॅट मारून, नवी विंडोज टाकून घरी आणला, की पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला फोन जातो. पांढुर्णा-सौंसरकडच्या बोलीत तक्रार अशी असते : ‘भाऊ, विंडोज तर पडली, पण नेट नाही चालून राहिलं.’ पडदा दिसतो, कीबोर्ड चालतो, माऊस चालतो. लॅनची केबल नीट बसलेली असते, मागचा दिवाही लुकलुकत असतो. तरी नेट नाही. दुकानदार सांगतो, लॅन कार्डचा ड्रायव्हर पडला नसेल, कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. आता साइटवर जायला नेट पाहिजे, नेटला ड्रायव्हर पाहिजे, आणि ड्रायव्हर तर त्या साइटवर.

मग घरातलं कोणीतरी मोबाईल यूएसबी केबलने जोडतं, फोनमधलं टेदरिंग चालू करतं आणि नेट सुरू होतं. इथे कोडं आणखी वाढतं. संगणकाच्या अंगचं कार्ड चालत नाही आणि बाहेरून लावलेला फोन मात्र लगेच चालतो, हे कसं?

एका संगणकाचं काम फोनवर निभावतं. पण समजा, सौंसरच्या एखाद्या शाळेत तीस संगणकांची लॅब आहे. किंवा पांढुर्ण्यातलं एखादं कार्यालय घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके त्यात आले. जिल्हा झाला की कार्यालयं येतात आणि कार्यालयांबरोबर संगणक. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, त्यामुळे गावोगावच्या लॅबमध्ये नवी प्रणाली टाकायचं काम निघालं. तीस यंत्रांपाशी तीस वेळा पेनड्राइव्ह घेऊन बसायचं नसेल, तर नेटवर्कवरून आपोआप इन्स्टॉलेशन हा मार्ग आहे. या मार्गावर सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते याच लॅन कार्डापाशी. कारण इथे नेट ही नंतर लावायची सोय राहत नाही, सगळं इन्स्टॉलेशनच त्या केबलमधून यायचं असतं.

कीबोर्ड चालतो, मग लॅन कार्ड का नाही?

लॅन कार्ड म्हणजे एक चिप. पूर्वी वेगळं कार्ड खोचावं लागे, आता ती चिप बहुतेक मदरबोर्डवरच असते. या चिपमध्ये छोटे छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका ठरावीक कप्प्यात ठरावीक आकडा लिहिला की चिप जागी होते, दुसऱ्यात मेमरीचा पत्ता लिहिला की तिथला मजकूर ती केबलवर सोडते, तिसरा कप्पा वाचला की काही आलं आहे का ते कळतं. कोणता कप्पा कशासाठी, हे ज्या प्रोग्रामला माहीत असतं तो ड्रायव्हर. ऑपरेटिंग सिस्टीम फक्त ‘हा मजकूर पाठव’ एवढंच सांगते.

यूएसबी कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, त्याने संगणकाशी कसं बोलायचं याचं एकच प्रमाण सगळ्या जगाने मान्य केलं आहे. पडद्याचंही कामचलाऊ प्रमाण आहे. नव्या डिस्कचंही आहे. म्हणून या वस्तू कोऱ्या प्रणालीतही चालतात. इथरनेटच्या बाबतीत केबलवरून काय जायचं ते प्रमाणित झालं, पण चिपच्या आतले कप्पे कसे असावेत याचं सर्वमान्य प्रमाण कधी झालंच नाही. रियलटेकची रचना वेगळी, इंटेलची वेगळी, ब्रॉडकॉमची वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचीही वेगळी. म्हणून प्रत्येक घराण्याला आपला ड्रायव्हर लागतो.

फोनचं कोडंही इथेच सुटतं. टेदरिंग चालू केलेला फोन स्वतःची ओळख ‘मी अमुक कंपनीचा फोन’ अशी न देता ‘मी यूएसबीवरचं नेटवर्क उपकरण’ अशी देतो. त्या प्रकाराचा एक सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो आणि लिनक्समध्येही असतो. प्रकारावरून ओळख पटली, काम झालं. मदरबोर्डवरच्या चिपला ही सवलत मिळत नाही.

पेनड्राइव्हशिवाय प्रणाली येते कशी

कोऱ्या डिस्कचा संगणक चालू केला आणि बूटच्या यादीत ‘नेटवर्क’ वर ठेवलं, की चिपसोबत आलेला एक छोटा प्रोग्राम कामाला लागतो. या पद्धतीचं नाव पीएक्सई, लोक तिला ‘पिक्सी’ म्हणतात. इंटेलने पुढाकार घेऊन ती आखली. आजही जिचा आधार घेतला जातो ती २.१ ही आवृत्ती १९९९ ची.

पिक्सी आधी केबलवर हाक मारते : मी नवीन आहे, मला पत्ता द्या. लॅबमधला एक संगणक डीएचसीपी सर्व्हर म्हणून बसवलेला असतो, तो तिला आयपी पत्ता देतो आणि सोबत सांगतो की बूट करायची फाईल अमुक सर्व्हरवर अमुक नावाने आहे. पिक्सी ती फाईल टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने आणते. ही पद्धत मुळात फाईल ५१२ बाइटच्या तुकड्यांनी पाठवते आणि प्रत्येक तुकड्याची पोच मिळाल्यावरच पुढचा तुकडा सोडते. पाचशे एमबीची फाईल अशी आणायची तर तुकडे दहा लाखांच्या घरात जातात. म्हणून टीएफटीपीवरून शक्यतो छोट्या फाईलच आणतात, किंवा पिक्सीच्या जागी आयपीएक्सई नावाचा मुक्त प्रोग्राम उतरवून पुढचं सगळं वेबसारख्या एचटीटीपीवरून घेतात. माझं मत विचाराल तर लॅब दहा संगणकांची असली तरी आयपीएक्सईच घ्यावं. वेळ वाचतो आणि अडलं तर पडद्यावर निदान काहीतरी वाचायला मिळतं.

लिनक्स टाकायचं असेल तर या मार्गाने दोन वस्तू येतात : लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्यासोबत एक छोटी गुंडाळलेली फाईल, तिला इनिटआरडी म्हणतात. इन्स्टॉलेशन सुरू करण्यापुरती साधनं आणि ड्रायव्हर या गुंडाळीत असतात. विंडोज असेल तर बूट.विम नावाची फाईल येते. विंडोजची ही एक छोटी, फक्त इन्स्टॉलेशनपुरती आवृत्ती असते.

नागपूरला गाडी बदलावी लागते

इथवर सगळं सुरळीत झालं की लॅब लावणारा निश्चिंत होतो. तीसही पडद्यांवर कर्नलच्या ओळी धावू लागतात. आणि मग एका जागी ओळी थांबतात. डेबियन या लिनक्स प्रणालीचा इन्स्टॉलर असेल तर निरोप येतो की इथरनेट कार्ड सापडलं नाही. समोरचा माणूस गोंधळतो, कारण याच कार्डावरून तर इन्स्टॉलर आत्ता आला!

हे समजायला आपल्याकडच्या रेल्वेची आठवण उपयोगी पडते. पांढुर्णा नागपूर-इटारसी या ब्रॉडगेज मार्गावरचं स्टेशन. सौंसर होतं नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजवर, ती छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि मग तिथेही रुंद रूळ आले. त्याआधी पांढुर्ण्याहून सौंसरला कोणी रेल्वेनेच जायचं ठरवलं असतं, तर मोठ्या गाडीने नागपूरला उतरून तिथून छोटी गाडी धरावी लागली असती. मोठी गाडी कितीही चांगली असली तरी १६७६ मिलिमीटरच्या रुळांवरची गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर जात नाही. नागपूरला पोचलो म्हणजे सौंसरला पोचलो असं होत नव्हतं.

पिक्सी ही ती मोठी गाडी. तिच्याकडे चिप चालवायचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, तो चिपसोबतच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच कायम बसवलेल्या प्रोग्राममध्ये, साठवलेला असतो. कर्नल मेमरीत आला आणि त्याने ताबा घेतला, की तो फर्मवेअरच्या सेवा बंद करून टाकतो. यूईएफआय या नव्या धर्तीच्या फर्मवेअरच्या यंत्रांमध्ये तर ‘आता बूटच्या सेवा संपल्या’ असं सांगणारी एक ठरावीक आज्ञाच आहे. त्या क्षणी पिक्सीचा ड्रायव्हर गेला. कार्ड तेच, केबल तीच, पण आता कर्नलला आपला ड्रायव्हर पाहिजे, आणि तो इनिटआरडीच्या गुंडाळीत नसेल तर इन्स्टॉलर तिथेच उभा राहतो.

इन्स्टॉलेशन पुरं झालं, संगणक डिस्कवरून पहिल्यांदा सुरू झाला, की तिसरी वेळ येते. डिस्कवर बसलेल्या प्रणालीलाही तेच कार्ड पुन्हा नव्याने ओळखावं लागतं. इन्स्टॉलरने ओळखलं म्हणून ती ओळखेलच असं नाही. एकाच कार्डाची अशी तीनदा ओळख पटावी लागते, आणि तिन्ही वेळी ओळखणारा वेगळा असतो. बहुतेक अडचणी या तिघांमधल्या सांध्यांवर येतात.

नाव सोडा, नंबर पाहा

आता ड्रायव्हर निवडायचा कसा? खोक्यावरचं नाव, संगणकाचं मॉडेल, बिलावरची नोंद यांवर विसंबू नये. एकाच मॉडेलच्या दोन खेपांमध्ये कंपनी आतली चिप बदलू शकते. बाहेरून जुळे दिसणारे दोन संगणक आतून वेगळे निघतात.

फार पूर्वी निवड खरोखरच अंदाजाने होत असे. आयएसए कार्डांच्या काळात, एनई२००० सारखं कार्ड लावलं की ते कोणत्या पत्त्यावर आहे आणि कोणती इंटरप्ट लाइन वापरतं हे माणसाने सांगायचं. यादीतून चुकीचा ड्रायव्हर निवडला तर तो भलत्याच पत्त्यावर चाचपडे आणि संगणक जागीच गोठे. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणलं आणि ही परवड संपली. पीसीआयने एक शिस्त घातली : प्रत्येक चिपने विचारल्याबरोबर आपली ओळख आकड्यांत सांगायची.

ही ओळख दोन भागांची असते. पहिले चार अंक कंपनीचे, पुढचे चार त्या चिपचे. अंक म्हणजे ० ते ९ आणि त्यापुढे इंग्रजी ए ते एफ ही अक्षरं, त्यामुळे चार जागांत ६५,५३६ वेगवेगळ्या ओळखी मावतात. कंपनीचे अंक पीसीआयचं प्रमाण सांभाळणारी संस्था वाटते. रियलटेकचे १०ईसी, ब्रॉडकॉमचे १४ई४. इंटेलने घेतले ८०८६, १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा तोच आकडा. आपल्याकडच्या साध्या डेस्कटॉपवर सर्रास दिसणारी ओळख म्हणजे १०ईसी : ८१६८, रियलटेकची गिगाबिट चिप.

┌──────────────────────────┐
चौकट : आपल्या कार्डाचा नंबर कसा वाचाल

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या खुणेचा ‘इथरनेट कंट्रोलर’ दिसेल. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्सचा टॅब, आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. इंग्रजीत एक लांब ओळ दिसेल. तिच्यात व्हीईएन या अक्षरांनंतरचे चार अंक कंपनीचे, डीईव्ही नंतरचे चार चिपचे. पुढे सबसिस म्हणून आठ अंक येतात, ते मदरबोर्ड किंवा संगणक बनवणाऱ्याने घातलेले असतात. शेवटी आरईव्ही, म्हणजे चिपची सुधारित आवृत्ती.

लिनक्समध्ये टर्मिनलवर एलएसपीसीआय ही आज्ञा एनएन आणि के या पर्यायांसह द्या. अंकही दिसतात आणि सध्या कोणता ड्रायव्हर त्या कार्डाला लागला आहे तेही.

ही ओळ मोबाईलवर फोटो काढून ठेवावी. ड्रायव्हर शोधताना हेच अंक जसेच्या तसे टाकून शोधावं.
└──────────────────────────┘

जुळवणीचं काम

प्रत्येक ड्रायव्हरसोबत एक यादी असते : मी या या नंबरांच्या चिप चालवू शकतो. लिनक्समध्ये सगळ्या ड्रायव्हरांच्या या याद्या एकत्र करून एक मोठी फाईल बनवलेली असते, तिच्यात हजारो ओळी असतात. कर्नलला नवी चिप दिसली की तो तिची ओळख एका ओळीत मांडून जाहीर करतो. यूडेव्ह नावाचा प्रोग्राम ती ओळ त्या मोठ्या फाईलशी ताडून पाहतो, जुळणारा ड्रायव्हर उचलतो आणि कर्नलमध्ये चढवतो. १०ईसी : ८१६८ साठी त्याच्या हाती लागतो आर८१६९. नावात ८१६९ आणि चिप ८१६८, हे पाहून पुष्कळजण दचकतात आणि ‘बरोबर नावाचा’ ड्रायव्हर शोधू लागतात. दचकू नये. ड्रायव्हर त्या घराण्यातल्या जुन्या चिपच्या नावाने सुरू झाला आणि पुढची भावंडं त्याच्यातच सामावली गेली.

या घराण्याची गोष्ट थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे. ८१६८ हा एकच नंबर रियलटेकने वर्षानुवर्षं अनेक पिढ्यांच्या चिपना दिला. नंबर जुळला तरी आतली रचना नेमकी कोणती हे त्यावरून कळत नाही. म्हणून आर८१६९ ड्रायव्हर चढल्यावर चिपमधला आणखी एक कप्पा वाचतो आणि आवृत्ती ओळखून त्याप्रमाणे वागतो. बाजारात नवी आवृत्ती आली आणि कर्नल जुना असला, तर नंबर जुळूनही कार्ड नीट चालत नाही.

खुद्द रियलटेकचा आर८१६८ नावाचा वेगळा ड्रायव्हरही आहे. तो कर्नलसोबत येत नाही, वेगळा बसवावा लागतो. दोन्ही ड्रायव्हर त्याच नंबरावर हक्क सांगतात. दोन्ही ठेवले तर कार्ड कधी याच्या हाती, कधी त्याच्या हाती. एकाला काळ्या यादीत टाकावंच लागतं. त्यात यंत्रावर सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच प्रोग्राम आत घेण्याची सोय, चालू असेल, तर बाहेरून बांधलेला, सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेतच नाही. आपोआप इन्स्टॉलेशनमध्ये हा दुसरा ड्रायव्हर घालायच्या भानगडीत सहसा पडू नये असं मी सांगेन. कर्नलसोबतचा चालत नसेल तर आधी नवा कर्नल असलेला इन्स्टॉलर घेऊन पाहावा.

कर्नलच्या वयाचा फरक किती पडतो याचं ठसठशीत उदाहरण अडीच गिगाबिटच्या कार्डांचं. रियलटेकच्या ८१२५ या चिपची ओळख लिनक्सला ५.४ या कर्नलपासून आहे, तो आला नोव्हेंबर २०१९ मध्ये. डेबियन १० त्याच वर्षी जुलैत निघालं, पण ४.१९ कर्नल घेऊन. नव्या मदरबोर्डवर त्याचा इन्स्टॉलर लावला तर कार्ड दिसणार नाही, आणि पेनड्राइव्ह बदला, केबल बदला, काही फरक पडणार नाही. डेबियन ११ मध्ये ५.१० कर्नल आहे, तिथे तेच कार्ड मुकाट चालतं. नवं यंत्र आणि जुना इन्स्टॉलर ही जोडी टाळली तरी निम्मा त्रास वाचतो.

विंडोजची रीत जरा वेगळी. तिथे ड्रायव्हर म्हणजे फाईलींचा जुडगा असतो. आयएनएफ फाईलमध्ये नंबरांची यादी, एसवायएसमध्ये प्रत्यक्ष प्रोग्राम, आणि सीएटीमध्ये सही. एकाच कार्डाला चार ड्रायव्हर लागू पडत असतील तर विंडोज प्रत्येकाला रँक देते, रँक जितकी कमी तितका ड्रायव्हर सरस. सही असलेला पुढे, नंबर जितका तंतोतंत जुळेल तितका पुढे, आणि तिथेही बरोबरी झाली तर अलीकडच्या तारखेचा पुढे. म्हणूनच कुठल्यातरी साइटवरून उतरवलेला हजारो ड्रायव्हरांचा भलामोठा ‘पॅक’ इन्स्टॉलेशनमध्ये ओतून देणं मला अजिबात पटत नाही. त्यात कोणता ड्रायव्हर वरचढ ठरेल हे आपल्या हातात राहत नाही, आणि फुकटच्या पॅकबरोबर नको ते प्रोग्रामही लॅबच्या तीस यंत्रांवर जाऊन बसतात. आपल्या लॅबमध्ये चिपचे जितके नंबर, तितकेच ड्रायव्हर ठेवावेत. बहुतेक लॅबमध्ये ते दोन-तीनच निघतात.

उत्तरं आधीच लिहून द्यायची

‘आपोआप’ म्हणजे इन्स्टॉलर जे जे विचारतो, भाषा, वेळ, डिस्कचे भाग, पासवर्ड, त्याची उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवायची. रेड हॅट घराण्यात या फाईलला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, विंडोजमध्ये अनअटेंड. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये आणलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे, त्यामुळे डेबियनची ही समज तिथेही कामी येते.

पण यात एक गाठ आहे. उत्तरांची फाईल बहुधा नेटवर्कवरच्या सर्व्हरवर असते. म्हणजे ती वाचायची तर आधी कार्ड चालू झालेलं हवं. कार्ड चालू करताना पडणारे प्रश्न, कोणतं पोर्ट वापरू, फर्मवेअर देता का, यांची उत्तरं त्या फाईलमध्ये कितीही व्यवस्थित लिहिली तरी ती वेळेवर पोचत नाहीत. ही उत्तरं कर्नलला सुरू करतानाच द्यावी लागतात, बूटच्या त्या एका ओळीत. डेबियनमध्ये ‘ऑटो’ हा शब्द त्या ओळीत घातला की इन्स्टॉलर भाषा वगैरे प्रश्न नेटवर्क जुळेपर्यंत पुढे ढकलतो, तो याचसाठी.

दोन पोर्ट असलेल्या यंत्रात तर हे फारच महत्त्वाचं. पिक्सी एका पोर्टवरून आली, इन्स्टॉलरने दुसरं निवडलं, दुसऱ्यात केबलच नाही, झालं. यावर उपाय म्हणजे पिक्सीने ज्या पोर्टवरून बूट केलं त्याचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा क्रमांक, बूटच्या ओळीतून पुढे पाठवणं, त्याला बूटइफ म्हणतात. किंवा ‘ज्यात केबल जिवंत आहे ते घे’ असं सांगता येतं. एथ०, एथ१ अशा नावांवर विसंबू नये. २०१३ पासून लिनक्समध्ये कार्डाची नावं ते बसलेल्या जागेवरून पडू लागली आहेत. इन्स्टॉलरमध्ये एक आणि बसलेल्या प्रणालीत दुसरंच नाव असंही होऊ शकतं. मॅक पत्ता तेवढा बदलत नाही.

फर्मवेअरचा मुद्दा वेगळा. काही चिपना ड्रायव्हर मिळूनही भागत नाही, ड्रायव्हरने त्यांच्यात कंपनीने दिलेली एक छोटी फाईल आधी भरावी लागते. ब्रॉडकॉमची जुनी सर्व्हर कार्डं अशी आहेत. या फाईली मुक्त परवान्याच्या नसल्यामुळे डेबियन त्या आपल्या अधिकृत डिस्कवर ठेवत नसे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम सैल केला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या डिस्कवर येऊ लागल्या. नेटवर्कवरून बूट करायच्या छोट्या आवृत्तीत मात्र फर्मवेअर वेगळं जोडायची तयारी ठेवावी.

विंडोजमध्ये हाच सांधा दोन फाईलींच्या मधे असतो. बूट.विम ही इन्स्टॉलरची, इन्स्टॉल.विम ही डिस्कवर बसणाऱ्या प्रणालीची. नेटवर्कचा ड्रायव्हर दोन्हींत घालावा. डिसम नावाची आज्ञा त्यासाठी विंडोजसोबतच मिळते. बूट.विमच्या आत दोन प्रतिमा असतात आणि इन्स्टॉलेशन दुसऱ्या प्रतिमेतून चालतं, तिकडे लक्ष गेलं नाही तर ड्रायव्हर घालूनही काम अडतं. इन्स्टॉल.विममध्ये घालायचं राहिलं, तर इन्स्टॉलेशन शंभर टक्के पूर्ण होतं आणि मग विंडोज ११ होम सुरुवातीलाच ‘नेटला जोडा’ म्हणून अडून बसतं.

पुण्यात आणि मेरीलँडमध्ये

हे सगळं फक्त शाळांच्या लॅबपुरतं नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. आजचे महासंगणक, पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म धरून, एकमेकांना जोडलेल्या पुष्कळ सर्व्हरांचे समूह आहेत. अशा समूहांत प्रत्येक सर्व्हरपुढे पडदा-कीबोर्ड लावून प्रणाली टाकणं परवडणारच नाही.

साध्या संगणकांचा समूह बांधायची कल्पना रुजली ती नासाच्या मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रात. १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी तिथे सोळा साधे संगणक इथरनेटने जोडून बियोवुल्फ हा समूह उभा केला. लिनक्समधले सुरुवातीचे कितीतरी लॅन कार्डांचे ड्रायव्हर बेकर यांनीच लिहिलेले आहेत. सौंसरच्या लॅबमधलं जुनं कार्ड लिनक्सने चटकन ओळखलं, तर त्यात त्या कामाचा वाटा असण्याची शक्यता बरीच आहे.

अडलं कुठे ते कसं कळेल

सगळा दोष ड्रायव्हरवर टाकायच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात. मोठ्या कार्यालयांतल्या काही स्विचवर केबल जिवंत झाल्यावरही पोर्ट सुमारे तीस सेकंद मजकूर पुढे जाऊ देत नाही. नेटवर्कमध्ये चक्र तर झालं नाही ना, याची तो खात्री करत असतो. तेवढ्यात इन्स्टॉलरची पत्त्याची वाट पाहायची मुदत संपते आणि वाटतं कार्डच मेलं. स्विचवर त्या पोर्टसाठी ही थांबण्याची वेळ काढून टाकता येते.

दुसरी गोष्ट चाचणीची. पुष्कळजण आधी व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रात सगळं लावून पाहतात. चांगली सवय आहे, पण तिथलं कार्ड आभासी असतं. व्हर्च्युअलबॉक्स सहसा इंटेलच्या एका जुन्या कार्डाचं सोंग घेतं, त्याचा नंबर ८०८६ : १००ई, आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक इन्स्टॉलरमध्ये असतो. तिथे उत्तरांची फाईल बरोबर आहे एवढंच कळतं, कार्डाबद्दल काहीच कळत नाही. लॅबमधल्या चिपच्या प्रत्येक नंबराचं एक खरं यंत्र आधी लावून पाहण्याला पर्याय नाही.

आणि अडलं ते नेमकं कुठे, हे शोधायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे डीएचसीपी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग. सगळं नीट पार पडलं तर एकाच मॅक पत्त्याने निदान तीनदा पत्ता मागितलेला तिथे दिसतो, आणि मागणारा दरवेळी आपलं नाव सांगतो. पहिल्या वेळी ‘पीएक्सईक्लायंट’, ही फर्मवेअरमधली पिक्सी. दुसऱ्या वेळी डेबियन असेल तर ‘डी-आय’, म्हणजे त्याचा इन्स्टॉलर. विंडोजमध्ये इन्स्टॉलर आणि बसलेली प्रणाली दोघंही ‘एमएसएफटी ५.०’ असं सांगतात, तिथे वेळ पाहून फरक ओळखावा. साध्या सर्व्हरमध्ये ही नावं लॉगमध्ये उमटावीत म्हणून एखादी जादा सेटिंग करावी लागते, तेवढी करून ठेवावी. पहिलीच मागणी आलेली नसेल तर केबल, स्विच किंवा बूटची यादी पाहा, ड्रायव्हरपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. पिक्सीची मागणी आहे आणि नंतर शांतता आहे, तर ड्रायव्हर बहुधा इनिटआरडीत किंवा बूट.विममध्ये नाही. पहिल्या दोन्ही आहेत आणि यंत्र डिस्कवरून सुरू झाल्यावर तिसरी आलेली नाही, तर इन्स्टॉलर निर्दोष आहे, बसलेल्या प्रणालीतला ड्रायव्हर तपासा, विंडोज असेल तर इन्स्टॉल.विम उघडून बघा.